फुली मारलेला पाटा

"काका, तुम्ही बहिरे आहात का?"

प्रश्न रेवाचा, पण पैज हेतलची. आणि पैजेची अट अशी की समोरून विचारायचं नाही. पाठीमागून, तीनदा, दर वेळी आवाज चढवत. मितालीनं मोबाइल धरला होता. काशिराम मिस्त्री तिघींकडे पाठ करून ऐरणीपाशी उकिडवा बसला होता आणि जीपच्या स्प्रिंगच्या पोलादी पाट्यांवर एकामागून एक हातोडी मारत होता.

पहिल्यांदा विचारलं, काही नाही. दुसऱ्यांदा विचारलं, तर शेजारच्या ट्रकखालून क्लीनरनं डोकं बाहेर काढलं आणि दात दाखवले. तिसऱ्यांदा रेवानं थेट हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज लावला. म्हातारा ढिम्म. हातोडी पडली, टण्ण वाजलं, आणि तो आपल्याशीच मान हलवून म्हणाला, "ह्यो चांगला हाय."

हेतल हसता हसता टायरवर कोसळली. "अरे बापरे! आवाजावर पाटे तपासतो आणि ऐकतोय कोण?"

"झालं का शूट?" रेवानं विचारलं.

"एकदम क्लिअर," मिताली म्हणाली.

गेल्या डिसेंबरपर्यंत हीच रेवा हजेरीला 'प्रेझेंट' म्हणायची, तर पुढच्या बाकावरसुद्धा ऐकू जायचं नाही. मग आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेला ठरलेली मुलगी तापानं पडली, ऐनवेळी हिला उभं केलं, आणि ही पहिली आली. ढाल घेऊन घरात शिरली ती पोरगी वेगळीच. रिक्षावाल्याशी वाद, वॉचमनशी वाद, गणिताच्या सरांना भर वर्गात "सर, तुमची स्टेप चुकली." आवाज मोठा केला की समोरचा गप्प होतो, हे तिला पंधराव्या वर्षी कळलं होतं, आणि जगात हे आपल्यालाच पहिल्यांदा कळलं असं तिला वाटत होतं.

जीप तिच्या बाबांची. अविनाश बँकेत अधिकारी, राहायला करंजाड्यात, आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये लष्कराच्या लिलावातली पस्तीस वर्षांची जीप. रविवारी समविचारी लोकांबरोबर चिखलात आणि दगडांत गाड्या घालायच्या, हा त्यांचा नवा छंद. पण जीपचे पाटे बसले होते. मागच्या चाकांवर नऊ-नऊ पोलादी पट्ट्यांचा थर, आणि तो कमानीसारखा वाकलेला असायला हवा तो ताटासारखा सपाट झालेला. दगडावर चढलं की जीप वाकायची नाही, नुसती उसळायची. महिनाभरानं एका बंद दगडखाणीत मोठी स्पर्धा होती आणि बाबांनी कबूल केलं होतं, बाजूच्या सीटवर रेवा. वाट ती दाखवणार.

"काशिरामकडे जा," सगळ्यांनी सांगितलं होतं. कळंबोलीत लोखंड बाजाराच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक शेड, तिच्यात भट्टी, आणि भट्टीमागं जासईचा हा म्हातारा. चाळीस वर्षं ट्रकचे पाटे ठोकत आलेला. त्यानं जीपखाली झोपून पाहिलं आणि बाबांच्या मनातलं न विचारता सांगितलं. नऊ जाड पाट्यांच्या जागी पाच पातळ घालायचे, कमान वाढवायची, म्हणजे गाडी दोन इंच उचलली जाईल आणि मऊसुद्धा होईल. "लोक पाटे वाढवायला सांगतात साहेब. पाटे वाढवून बैल होतो, घोडा नाय होत."

बाबा खूश. रेवाही खूश. बाबांबरोबर ती चार-पाचदा शेडवर गेली, आणि तिथंच तिच्या एक गोष्ट लक्षात आली. शेडच्या दाराशी मिस्त्रीची बायको भामा नट-बोल्टांचा डबा मांडीवर घेऊन बसलेली असायची. कुणी आलं, कुणी हाक मारली, की ती डब्यातला एक नट उचलून बरोबर काशिरामच्या पायापाशी टाकायची. नट लागला की तो वळायचा. वळला की समोरच्याच्या डोळ्यांत न बघता ओठांकडे बघायचा. रेवानं हे शाळेत सांगितलं आणि हेतलनं पैज लावली. आज भामा माहेरच्या हळदीला गेली होती. दारात नट टाकायला कोणी नव्हतं.

पाटे भट्टीतून निघाले होते, कमान मिळाली होती, आणि उन्हात ओळीनं ठेवून काशिराम ते तपासत होता. त्यांच्यावर काहीतरी पांढरं माखलं होतं. रॉकेलचा वास येत होता. रेवाला ती सगळी शेडचीच घाण वाटली. मागच्या उजव्या चाकाच्या पाचही आणि डाव्याच्या चार पाट्यांना तो चांगला म्हणाला. डाव्याच्या पाचव्यावर, म्हणजे सगळ्यांत लांब, मेन पाट्यावर, हातोडी मारली. तेच टण्ण. म्हाताऱ्यानं तो पाटा डोळ्यांजवळ नेला, मधल्या भोकापाशी अंगठा फिरवला, छिन्नी घेतली आणि टोकावर दोन घाव घालून फुली मारली.

"काय झालं?" बाबा चहा पिऊन तेवढ्यात परत आले होते.

काशिरामनं त्यांच्या ओठांकडे बघितलं. "ह्यो मेला. नका घालू. नवा वळवतो. आठ दिस लागतील."

"आठ दिवस? अहो, रविवारी स्पर्धा आहे!"

"मग रविवारी नका जाऊ."

रेवा पुढं झाली. हातोडी उचलली, चांगल्या पाट्यावर मारली. टण्ण. फुलीच्या पाट्यावर मारली. टण्ण.

"बाबा, ऐका! काही फरक आहे का? सेम टू सेम! ह्यांना ऐकूच येत नाही, बाबा. आम्ही व्हिडिओ काढलाय."

मितालीनं मोबाइल दाखवला. बाबांनी तो पाहिला, आधी गंभीर होऊन, मग तोंडाच्या एका कोपऱ्यानं हसत. मग त्यांनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि अगदी हळू, एकेक अक्षर तोडून, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "मिस्त्री, ऐ, कू, ये, तं, का?"

ट्रकवाले हसले. हेतल हसली. काशिरामनं एकदा बाबांच्या ओठांकडे पाहिलं, एकदा मोबाइलकडे, आणि रेवाच्या हातातली हातोडी काढून खाली ठेवली. बाबांनी दहाही पाटे गाडीत भरले. फुलीवालासुद्धा.

बसवून दिले कुंदननं. कुंदन महामार्गालगतच्या चकचकीत गॅरेजवाला, स्वतःही रविवारच्या टोळीतला. त्यानं फुली पाहिली आणि विचारलं, "हे काय, सर?"

"काही नाही, बहिऱ्याची सही," बाबा म्हणाले.

कुंदन खो खो हसला, पाट्यांवर काळा रंग मारला, आणि फुली दिसेनाशी झाली. जीप दोन इंच उंच उभी राहिली, एकदम ऐटीत. त्याच संध्याकाळी हेतलनं व्हिडिओ टाकला. वर मथळा: 'पाटे वाजवणारा बहिरा, पत्ता कळंबोली.' जेवणं होईपर्यंत अर्ध्या पनवेलनं पाहिला होता.

रविवारी खाणीत तीस गाड्या होत्या. रेवा डाव्या सीटवर, डोक्याला रुमाल, हात बाहेर काढून "बाबा, उजवं चाक दगडावर घ्या! आता सोडा! शाब्बास!" जीप खरोखर घोडा झाली होती. एक चाक छातीएवढ्या दगडावर, दुसरं खड्ड्यात, आणि गाडी मांजरीसारखी वाकून पुढं सरकत होती. लोक टाळ्या वाजवत होते. रेवाला वाटलं, ढालीपेक्षा हे मोठं आहे.

तिसऱ्या चढावर मागं डावीकडे सुकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. मेन पाटा मधल्या भोकापाशी तुटला, ॲक्सल एका अंगानं मागं सरकला, चाक पत्र्यात घुसलं आणि जीप डावीकडे आडवी झाली. बाबांचं मनगट स्टिअरिंगमध्ये पिळवटलं. रेवाची हनुवटी समोरच्या लोखंडी दांडीवर आपटून फाटली. रक्त गळ्यावरून टी-शर्टात उतरत होतं आणि कुणीतरी म्हणत होतं, "वाचले, वाचले."

लोकांनी जीप सरळ केली. तुटका पाटा खाली लोंबत होता. "अविनाश, हे काम कुणाचं?" एकानं विचारलं.

बाबा मनगट धरून दगडावर बसले होते. त्यांनी कुंदनकडे बघितलं, कुंदननं टोपी डोळ्यांवर ओढली. मग त्यांनी रेवाकडे बघितलं. अगदी एक क्षण.

"कळंबोलीचा तो बहिरा," बाबा म्हणाले. "व्हिडिओ बघितला ना तुम्ही? त्यानंच पास करून दिलेला पाटा."

"आयला! मारलं असतं की तुम्हाला त्यानं."

"ट्रकवाल्यांना सांगायला पाहिजे."

सगळ्यांच्या माना रेवाकडे वळल्या, पोर केवढी लागली म्हणून. ती बोलू शकली असती. टाके हनुवटीला पडायचे होते, जिभेला नाही. पण पनवेलच्या सगळ्या शाळांसमोर बोललेली ती पोरगी तीस माणसांसमोर रुमाल हनुवटीवर दाबून गप्प बसली.

टाके सात पडले. शाळेत गेली तेव्हा हेतलनं तिला मिठीच मारली. "अगं ऐक ना! बहिऱ्याचं शटर डाऊन! पप्पांच्या लोखंड मार्केटमध्ये सगळे बोलतायत. ट्रान्सपोर्टवाल्यांनी गाड्या काढून नेल्या, जागामालक म्हणाला, आवरा. एका मिनिटाचा व्हिडिओ, यार! तुझी पॉवर बघ."

"कॅमेरा माझा होता," मिताली म्हणाली. "मलापण क्रेडिट."

"आणि परवा म्हणे एक ड्रायव्हर त्याच्या मागं उभा राहून हॉर्न वाजवत होता. पाच मिनिटं! त्याला कळलंच नाही."

दोघी हसल्या. रेवाही हसली, आणि हसताना टाके ओढले गेले. दिवसभर तिला ते पाच मिनिटांचे हॉर्न ऐकू येत राहिले.

शनिवारी शाळा सुटल्यावर ती एकटीच रिक्षा करून शेडवर गेली. भट्टी विझलेली होती. काशिराम पाठमोरा बसून सांडशी आणि छिन्न्या पोत्यात भरत होता. रेवा त्याच्या मागं उभी राहिली आणि म्हणाली, "सॉरी, काका."

एक नट येऊन तिच्या बुटावर आपटला.

"परत पाठीमागूनच?" भामा दारात उभी होती. डबा तिच्या हातात होता. तिनं दुसरा नट काशिरामच्या पायाशी टाकला. तो वळला.

त्यानं रेवाच्या हनुवटीकडे बघितलं, मग ओठांकडे. "तुटला?"

"हो."

"डावा."

"हो."

"बरं झालं," काशिराम म्हणाला, आणि त्याला ते मनापासून बरं वाटलं होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. पोत्याचं तोंड त्यानं सुतळीनं आवळलं. "आता इचार. त्या दिशी इचारलंस ते. समोरून."

"काका, मी माफी मागायला..."

"माफी घरी ने. इचार."

तिनं हळू आवाजात विचारलं, "तुम्ही बहिरे आहात का?"

"बारीक बोल नायतर बोंबल, मला सारखंच हाय. तोंड नीट हलव."

तिनं परत विचारलं. नीट ओठ हलवून, त्याच्या डोळ्यांत बघत. असा साधा प्रश्न, पण शब्द दगडासारखे एकेक उचलून ठेवावे लागले.

"हाय," तो म्हणाला. "सात वर्सं झाली. चाळीस वर्सं लोखंडावर लोखंड मारलं, कान ऱ्हातील?"

"मग हातोडी का मारता? ऐकू येत नाही तर..."

"तुमच्यासाठी." तो पहिल्यांदाच हसला, पण हसू चांगलं नव्हतं. "आवाज काढला नाय तर गिऱ्हाइकाचा इस्वास बसत नाय. टण्ण केलं की तुमी खूश. मी बगतो ते येगळं."

कोपऱ्यात एक मोडका पाटा पडला होता. काशिरामनं तो उचलला, रॉकेलच्या डब्यात दाबून ठेवला, आणि बराच वेळ मुरू दिला. रेवा उभीच. भामानं बस म्हटलं नाही. मग त्यानं पाटा काढून फडक्यानं कोरडा केला, शाळेत असतो तसा खडू त्याच्यावर घासला, पांढराफेक केला आणि रेवाच्या हातात दिला. "बग."

आधी काही दिसलं नाही. मग पांढऱ्यावर एक केसाएवढी काळपट रेघ उमटू लागली. वरचं रॉकेल पुसलं गेलं होतं. चिरेत मुरलेलं आता खडूत चढत होतं. रेघ लांबली, भोकापर्यंत गेली आणि थांबली. टण्ण वाजणाऱ्या लोखंडातली ही चीर कुठल्याच कानाला कळली नसती. त्या दिवशीची पांढरी घाण काय होती, हे रेवाला आता कळलं.

"तुम्ही हे तेव्हाच का नाही दाखवलंत?"

"नका घालू म्हनालो होतो. तुझ्या बापाला मराठी कळत नाय?"

"मी सगळ्यांना सांगते, काका. नवीन व्हिडिओ टाकते. तुम्हीच नको म्हणाला होतात, फुली मारली होतीत, सगळं सांगते."

"त्यो कोन बगल?" काशिराम पोतं उचलून दाराशी नेत म्हणाला. "हसायला लोक थांबतात गो. खरं बगायला कोनाला टाइम हाय?"

भामा पुढं आली आणि रेवाच्या अगदी समोर उभी राहिली. "खाणीत तुजा बाप खोटं बोलला, तवा तू कुठं होतीस?"

"तिथंच."

"आनि काय बोललीस?"

"काहीच नाही."

"भाषणात पैली येतेस म्हनं." भामानं डब्याचं झाकण लावलं. "आमचा बहिरा हाय, पोरी. मुका नाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी करंजाड्याच्या घरात कोंबडीचा रस्सा होता. बाबांच्या हाताला प्लॅस्टर, म्हणून आई त्यांचा भात कालवून देत होती. आशालता शांत बाई; नवऱ्याचा छंद आणि मुलीची जीभ, दोन्ही तिनं सारख्याच मुकाट्यानं सोसलेली. रेवा बाल्कनीतून एक गोणपाट ओढत आली आणि आतला, खाणीतून आणलेला तुटका पाटा तिनं टेबलावर, रश्श्याच्या पातेल्याशेजारी धाडकन ठेवला.

"अगं, काय हे! जेवणात?" आई ओरडली.

"आई, जवळून बघ. तुटलाय ना, तिथला अर्धा भाग काळा, गंजलेला आहे आणि अर्धा चकचकीत. काळा भाग म्हणजे जुनी चीर. आणि हे टोक बघ. सकाळी सुरीनं रंग खरवडला मी."

काळ्या रंगाखालून छिन्नीचे दोन घाव वर आले होते. एकमेकांवर आडवे.

आईनं फुलीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. "अविनाश, तू तर म्हणालास, त्यानं पास केलेला."

"ते जाऊ दे आता," बाबा म्हणाले. "झालं ते झालं. म्हातारा तसाही किती दिवस काम करणार होता?"

"हे त्यांच्या समोर बसून, त्यांना ओठ दिसतील असं म्हणाल का, बाबा?"

"तोंड सांभाळून बोल, रेवा! आणि एक लक्षात ठेव. तो पाटा चांगला आहे असं कोण म्हणालं होतं? सेम टू सेम, कोण म्हणालं? व्हिडिओत ओरडलं कोण? मी?"

हा घाव बाबांनी राखून ठेवलेला होता, आणि तो नेमका बसला. आईचा हात भातात थांबला. रेवाचे टाके दुखले, पण खाणीतल्यासारखा रुमाल आज हातात नव्हता.

"मी म्हणाले. व्हिडिओतही मीच ओरडले. तेही सांगणार आहे."

"कुणाला सांगणार आहेस?"

"सगळ्यांना."

"बाबांच्या बँकेत बघतील गं," आई हळूच म्हणाली. "तुझे मित्रमैत्रिणी काय म्हणतील? ती हेतल बोलेल तुझ्याशी?"

"नाही बोलणार." हे ती आधीच धरून चालली होती. काल तिनं हेतलला तो व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं, तर हेतल म्हणाली होती, "वेडी आहेस का? अजून चढतोय." मिताली तर नुसती बघून पुढं गेली होती.

"आणि त्यानं काय होणार? शेड उघडणार आहे का त्याची?" बाबांनी विचारलं.

"नाही. काका म्हणाले, कोणी बघणारसुद्धा नाही."

"मग कशाला?"

रेवानं पाटा फिरवला, फुली सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. खुर्ची ओढली, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला, आणि आवाज न चढवता, नीट ओठ हलवून म्हणाली, "आई, बाबा, जेवण झालं की मी व्हिडिओ करणार आहे. पहिलं नाव माझं घेणार, दुसरं तुमचं, तिसरं कुंदनचं. आजच टाकणार. तुम्ही फक्त एवढं सांगा, बाबा, इथं समोर येऊन बसताय, की तुमच्याबद्दलही मी पाठीमागूनच बोलू?"